एकट्या बाईवरचा खटला आता मागे घ्या

मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांस आणि त्या छापणाऱ्या संपादक-प्रकाशकांस,



आपल्या साहित्यातल्या एकट्या बाईबद्दल माझी तक्रार आहे आणि ती आपल्यापुढेच मांडायला हवी, म्हणून हे पत्र. एकटी म्हणजे लग्न न केलेली, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली किंवा स्वतःहून त्याचं घर सोडून आलेली. ती आपल्या लेखनात दिसत नाही असं मी म्हणणार नाही. ती पुष्कळ दिसते. पण जिथे दिसते तिथे बहुतेक वेळा आरोपीसारखी उभी असते. हिचं लग्न का झालं नाही, झालेलं का टिकलं नाही, आता हिच्या आयुष्यात कोण आहे, अशी तिची उलटतपासणी होते आणि शेवटच्या पानापर्यंत निकाल लागतो. निकालाचे प्रकारही ठरल्यासारखे आहेत : मरण, मनाचा तोल जाणं, बदनामी, नाहीतर उशिरा जुळून आलेली सोबत. ही बाई कामावर काय करते, पगाराचं काय करते, राहतं घर कोणाच्या नावावर आहे, तिच्या मैत्रिणी कोण, म्हातारपणाची तजवीज काय, याची नोंद क्वचितच होते. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : तिचं एकटं असणं ही तिच्या आयुष्यातली अनेकांपैकी एक बाब आहे, आणि आपण मात्र त्यालाच तिची सगळी गोष्ट करून टाकलं आहे.

हे असं का झालं, याचं उत्तर मराठी कादंबरीच्या जन्मातच सापडतं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. मराठीतली पहिली कादंबरी विधवांच्या हालांची कहाणी सांगत होती आणि तिच्या नायिकेची सुटका धर्मांतरात आणि पुनर्विवाहात होत होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मधून यमूला स्वतःच्या तोंडाने बोलतं केलं. तिचं वैधव्य, फसवून केलेलं केशवपन आणि अखेर तिचा मृत्यू वाचून एक अख्खी पिढी हादरली. त्या काळी हे लेखन अत्यावश्यक होतं, आणि त्याचं ऋण नाकारण्याचा माझा अजिबात हेतू नाही. सुधारकांना समाजापुढे पुरावा ठेवायचा होता आणि विधवा हा त्यांचा सर्वांत बोलका पुरावा होता. पण पुराव्याचं काम एकच असतं, दुःख सिद्ध करणं. म्हणून यमूला दुःखापलीकडचं आयुष्य देण्याची त्या कादंबरीला गरज नव्हती. अडचण पुढची आहे. सुधारणेचा तो लढा बदलत गेला, कायदे आले, मुली शिकल्या, कमावू लागल्या. मात्र कादंबरीने एकट्या बाईसाठी आखलेला तो मार्ग, आधी हाल आणि मग मरण किंवा सुटका, तसाच चालू राहिला.

या मार्गावरून पहिल्यांदा ठामपणे बाजूला झाल्या त्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा केवढं वादळ उठलं आणि या टोपणनावामागे कोण आहे याचा किती शोध घेतला गेला, हे आपण जाणताच. त्या गदारोळात शिक्षित मुलींच्या इच्छांविषयीच्या धिटाईचीच चर्चा जास्त झाली. मला त्यातलं दुसरं धाडस अधिक मोठं वाटतं. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या नावातच ते आहे. मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालतं आणि म्हणून तिच्या लग्नाचा विषय लांबत जातो, ही घराघरातली पैशाची गोष्ट मालतीबाईंनी उघड केली. एकट्या मुलीचं दुःख त्यांनी नशिबाच्या खात्यावर टाकलं नाही. त्याचा हिशोब मांडला, त्यातून कोणाचा फायदा होतो ते सांगितलं. ही वाट आपण पुढे नेली असती तर आज मराठी कादंबरी वेगळी दिसली असती. आपण तिच्यातला निःश्वास घेतला आणि हिशोब सोडून दिला.

त्यानंतर १९६७ साली विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलं. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या बोलण्यातून हे नाटक सुचल्याचं तेंडुलकरांनी सांगितलेलं आहे; म्हणजे या खटल्याचा पत्ताही आमच्या मुंबईच्या उपनगरांतलाच. लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका, आणि खेळ म्हणून सुरू झालेला खटला खरा होतो. तिचा गुन्हा एका विवाहित प्राध्यापकावरच्या प्रेमाचा आणि त्यातून राहिलेल्या गर्भाचा. तो प्राध्यापक मात्र नाटकभर गैरहजर. समाज एकट्या बाईवर कसा तुटून पडतो याचं इतकं भेदक चित्र मराठीत दुसरं नाही. तेंडुलकरांनी आरोपी म्हणून समाजाला उभं केलं होतं. पुढच्या लेखकांनी मात्र त्यातून घेतला तो बेणारेचा साचा : नोकरी करणारी, हुशार, फटकळ, आतून एकाकी आणि विवाहित पुरुषात गुंतलेली. शांता गोखल्यांच्या ‘रीटा वेलिणकर’मध्येही (१९९०) घराचा भार वाहणारी अविवाहित रीटा आणि तिचा विवाहित वरिष्ठ आहेच, पण तिथे लेखिकेने रीटाचा कोसळणारा तोल आणि त्यातून स्वतःला सावरणं आतून, तिच्या बाजूने लिहिलं, म्हणून ती कादंबरी मोठी आहे. त्या ताकदीविना हाच साचा वापरणाऱ्या कितीतरी कथा दरवर्षी दिवाळी अंकांतून छापल्या जातात.

दरम्यान कायद्याचं जग कुठे पोहोचलं ते पाहा. बेणारे रंगमंचावर आली तेव्हा १९७१ चा गर्भपाताचा कायदा व्हायचा होता. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड न करता मुलाचं पालकत्व मागता येईल असा निर्णय दिला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या बाबतीत विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याचं अनुकरण करायला इतर ग्रामपंचायतींना सांगितलं. कोर्टातले न्यायाधीश आणि गावातली ग्रामसभा एकट्या बाईकडे नव्याने पाहू लागले. ज्यांचं कामच नव्याने पाहण्याचं आहे, त्या लेखकांनी मागे राहावं हे मला सलतं.

ही खोड एकट्या मराठीची नाही, हेही खरं. उषा प्रियंवदा यांच्या ‘पचपन खंभे लाल दीवारें’ या हिंदी कादंबरीतली प्राध्यापिका सुषमा कुटुंबासाठी आपलं प्रेम सोडून वसतिगृहाच्या भिंतींत परत जाते. ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’ या बंगाली चित्रपटातली नीता घर जगवता जगवता स्वतः संपते. अनिता नायर यांच्या इंग्रजी ‘लेडीज कूपे’मधली आयकर खात्यातली अखिला पंचेचाळिशीत पहिल्यांदा एकटी प्रवासाला निघते, तेव्हा तिच्या डोक्यात प्रश्न असतो तो एकट्या बाईला सुखी होता येतं का, हाच. भाषा बदलली, शहर बदललं, तरी प्रश्न तोच राहिला. पुरुषाला असा प्रश्न आपल्या साहित्याने कधी विचारला? अविवाहित पुरुष आपल्या कथांत लहरी असतो, ध्येयवेडा असतो, कलावंत असतो, फिरस्ता असतो. त्याच्या एकटेपणाला कारण लागत नाही. कारण फक्त बाईला लागतं, ही माझी पहिली तक्रार. आणि त्या कारणाची किंमत तिच्याकडूनच वसूल होते, ही दुसरी.

तिसरी तक्रार तिच्या घराबद्दलची आणि पैशाबद्दलची आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतली एकटी बाई डोळ्यांसमोर आणा. अंधेरीत सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९७३ पासून आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांत बायकांच्या पिढ्या राबल्या. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडी बायकांसाठी सोडली, कारण कामावर जाणाऱ्या बायकांना दोन-तीन डबे पुरेनासे झाले होते. या सगळ्या बायकांचं जग ब्रोकर, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, सोसायटीची ना हरकत, सेक्रेटरीचे प्रश्न, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीतल्या नोंदी यांनी भरलेलं आहे. एकट्या बाईला जागा देणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्या इमारती आजही आहेत. जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि त्याबरोबर घराघरांत एक प्रश्न उभा राहतो : आई-वडिलांना अखेरपर्यंत सांभाळणारी अविवाहित मुलगी त्या घरात राहते, भाऊ अमेरिकेत किंवा पुण्यात आहे, आणि नव्या इमारतीतल्या फ्लॅटवर नाव कोणाचं लागणार? महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला, तेव्हा त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. हा भेद २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेला. म्हणजे मधली अकरा वर्षं एकाच घरातल्या लग्न झालेल्या आणि न झालेल्या बहिणींचे हक्क कायद्याने वेगळे होते. यात किती कादंबऱ्या होत्या! बहिणीबहिणींमधली असूया, भावाचा गोड आवाज, वकिलाच्या पायऱ्या, हक्कसोड पत्रावर सही करताना थांबलेला हात. या विषयाला साजेशी कादंबरी मराठीला अजून मिळालेली नाही.

चौथी तक्रार ही की, आपली एकटी बाई बहुतेक वेळा एकाच थरातली असते : पांढरपेशी, पदवीधर, फ्लॅटमध्ये राहणारी, पुस्तकं वाचणारी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात एकट्या स्त्रियांची संख्या सुमारे ७ कोटी १४ लाख होती. २००१ मध्ये ती ५ कोटी १२ लाखांच्या आसपास होती. त्यातला सर्वांत मोठा भाग विधवांचा आहे, आणि त्यांत कष्टकरी बायका पुष्कळ आहेत. घाटकोपरच्या वस्तीतून पहाटे निघून चार घरची धुणीभांडी करणारी, पोळीभाजी केंद्रात दिवसाला शेकडो पोळ्या लाटणारी, फलाटावर भाजी निवडत बसून विकणारी बाई नवऱ्याशिवाय घर चालवते आणि तिच्या एकटेपणाबद्दल उसासे टाकायला तिला फुरसत नसते. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी हे जग मराठीत आणलं. बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ त्याची साक्ष आहेत. पण जे आत्मकथनात आलं ते कथा-कादंबरीच्या मुख्य रस्त्यावर यायला अजूनही अडखळतं. अशी बाई कथेत येते ती मोलकरीण म्हणून, मालकिणीच्या मनातली खळबळ ऐकून घ्यायला. तिची स्वतःची खळबळ कोण लिहिणार?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा : आम्ही समाजात दिसतं तेच लिहितो, समाज एकट्या बाईला शिक्षा करतो, मग कथेतही शिक्षा येणारच. हे अर्धं खरं आहे. समाज छळतो हे कोणी नाकारत नाही, आणि तो छळ लिहिलाच पाहिजे. पण समाजात दिसतं ते सगळं आपण लिहिलं आहे का? पंडिता रमाबाई तरुण वयातल्या विधवा. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं. लहानपणी झालेलं लग्न नाकारून मुंबईच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि कित्येक वर्षं त्यांनी रुग्णसेवा केली. पार्वतीबाई आठवले या विधवा बाईंनी महर्षी कर्व्यांच्या आश्रमासाठी निधी गोळा करायला थेट अमेरिका गाठली आणि १९२८ साली ‘माझी कहाणी’ लिहिली. दुर्गा भागवत आणि शान्ता शेळके या दोघी आयुष्यभर अविवाहित राहिल्या, दोघीही साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. दुर्गाबाईंनी १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे तुरुंगवास भोगला. कमल देसाईही एकट्या राहिल्या आणि त्यांनी ‘हॅट घालणारी बाई’ लिहून मराठी गद्याचा नूरच बदलला. ही सगळी माणसंही समाजात दिसतच होती. आपल्याच साहित्याचं अंगण ज्यांनी घडवलं त्या एकट्या बायांइतकी भरलेली, गुंतागुंतीची, कामात बुडालेली नायिका मराठी कादंबरीत शोधू लागलं की हाताला फार थोडं लागतं. म्हणून वास्तवाचं कारण मला पटत नाही. वास्तव मोठं होतं. आपली निवड आखूड पडली.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे : गोष्टीला संघर्ष लागतो, आणि आपल्या जागी समाधानाने राहणाऱ्या बाईत संघर्ष कुठला? माझं उत्तर असं की, तिला सुखी दाखवा असं मी म्हणतच नाही. तिला चिडू द्या, चुकू द्या, कंजूष होऊ द्या, भाचरांवर जीव टाकून नंतर पस्तावू द्या, पदोन्नतीसाठी सहकाऱ्यावर कुरघोडी करू द्या. हे सगळं संघर्षाचंच सामान आहे. फक्त त्या संघर्षाचं मूळ दरवेळी नसलेल्या नवऱ्यात शोधू नका. कविता महाजन यांच्या ‘ब्र’मधली प्रफुल्ला लग्नातून बाहेर पडलेली आहे, पण कादंबरी तिथे अडकत नाही. ती तिला आदिवासी भागातल्या कामात, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांमध्ये नेते, आणि ते सगळं जग तिच्या डोळ्यांनी उघडत जातं. नायिकेच्या लग्नाचा प्रश्न मागे सरला तेव्हा कादंबरीचा पट केवढा रुंदावला, याचा हा दाखला आपल्याच भाषेत आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आदराने घ्यावासा वाटतो : गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांनी हे काम केलेलंच आहे, मग तक्रार कशाची? खरोखरच त्यांनी बाईला स्वतःच्या अटींवर जगायला मोकळं केलं. गौरी देशपांड्यांच्या ‘गोफ’मध्ये सासू आणि सून या दोघी नवऱ्यांच्या पश्चात जगताना दिसतात, मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’तली घटस्फोटित नायिका स्वतःच्या देहाविषयी आणि मनाविषयी कसलीही माफी न मागता बोलते. मात्र या लेखनाचाही मोठा भाग स्त्री-पुरुष नात्याच्या शोधाचा आहे. तो शोध त्यांचा होता, त्यांच्या काळाचा होता आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे केला. त्यांच्यानंतर आलेल्यांनी ते दार ओलांडून पुढच्या खोल्यांत जायला हवं होतं. आपण अजून उंबरठ्यावर त्याच नात्याची चर्चा करत उभे आहोत, आणि दूरचित्रवाणीच्या मालिका तर अविवाहित आत्याला अजूनही कटकारस्थान किंवा त्याग यांपैकी एकच काम देतात.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. लेखकांना पहिली विनंती ही की, एकटी बाई लिहिताना तिच्या एकटेपणाचं कारण सांगण्याची सक्ती स्वतःवर करू नका; वाचक ते न सांगताही पुढे वाचतो. दुसरी, तिला काम द्या आणि ते काम आतून शिकून लिहा. ‘ऑफिसातून दमून आली’ एवढ्याने भागत नाही. ती विम्याचे दावे तपासते की रक्ताचे नमुने, हे तिच्या स्वभावाइतकंच महत्त्वाचं आहे. तिसरी, तिच्या पैशाचा आणि घराचा हिशोब कथेत येऊ द्या. चौथी, तिला मैत्रिणी, शेजारणी, वैरिणी द्या आणि तिला साठीच्या, सत्तरीच्या पुढेही जगू द्या. चाळिशीपाशी तिची गोष्ट तोडू नका. पाचवी, विधवेला आणि परित्यक्तेला कष्टकरी घरातून थेट मध्यवर्ती भूमिकेत आणा. संपादकांना विनंती ही की, महिला दिनाच्या अंकात आणि दिवाळी अंकाच्या परिसंवादात तिला ‘समस्या’ म्हणून बोलावणं थांबवा, आणि साच्यातून आलेली कथा मोठ्या नावाची असली तरी परत पाठवण्याचं धैर्य दाखवा. समीक्षकांनी नायिका सोशिक आहे की बंडखोर एवढंच न तपासता ती पूर्ण माणूस झाली आहे का ते विचारावं.

हे सगळं मी रागाने लिहीत असले तरी परकेपणाने लिहीत नाही. विलेपार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाच्या किंवा मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांत एकट्या बायका कमी नाहीत. त्या आपल्या सर्वांत निष्ठावान वाचकांपैकी आहेत. वर्गणी भरून, दिवाळी अंकांसाठी नंबर लावून त्या आपलं लेखन घरी नेतात. आपल्यासारखीच बाई पुस्तकात भेटली की तिचा शेवट काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, ही मराठी साहित्यासाठी शरमेची गोष्ट आहे. बाबा पदमनजींच्या यमुनेपासून आजवर दीडशेहून अधिक वर्षं आपण एकट्या बाईची साक्ष घेत आलो आहोत. आता तिच्यावरचा खटला काढून टाका आणि तिच्या कामाची, पैशाची, घराची, मैत्रीची आणि म्हातारपणाची गोष्ट लिहायला बसा. ती लिहिली गेली तर ती विकत घेऊन वाचणारे, तिच्यावर भांडणारे आणि ती पुढच्या वाचकाच्या हाती देणारे आम्ही आहोतच.

आपली स्नेहांकित,
एक मराठी वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई